विमानाची रेघ आणि औषधाचा संशय

द्राक्षाच्या पट्ट्यात माणूस आभाळाकडे हौसेनं बघत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की दोन दिवसांचं ढगाळ हवामान म्हणजे डाऊनीची बुरशी आणि घडकूज. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेडवर बेदाणा वाळत असला की नुसती भुरभुरसुद्धा मालाचा रंग घालवते, आणि रंग गेला की सौद्यात दर गेला. म्हणून तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागातले जाणते शेतकरी सांगतात, की विमानाची पांढरी रेघ विरून न जाता तशीच पसरत राहिली तर एक-दोन दिवसांत आभाळ भरून येतं, तेव्हा त्यांना वेड्यात काढणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. हे निरीक्षण बऱ्याच वेळा बरोबर निघतं. ते कशामुळे बरोबर निघतं, भांडण तिथं आहे. काहींचा संशय असा, की विमानातून कुणीतरी गुपचूप औषध फवारतं, रेघ त्याचीच आणि आभाळ बिघडतं तेही त्यानंच.

गेल्या हंगामात तासगावातल्या एका कीटकनाशकांच्या दुकानात हे भांडण माझ्यासमोरच झालं. फवारणीचं वेळापत्रक लिहून घेता घेता एक आण्णा दुकानदारापुढं मोबाईल धरून म्हणाले, “हे बघ, हितं पिंपं ठेवल्यात विमानात. एवढं दिसतंय तरी तुमचं आपलं ‘काय न्हाई, काय न्हाई’.” व्हिडिओत खुर्च्यांच्या जागी धातूची पिंपं आणि त्यांना जोडलेल्या नळ्या दिसत होत्या. शेजारी उभा असलेला पोरगा म्हणाला, “आण्णा, खरंच औषध मारत असते तर आतापतूर आपल्याला बिल आलं नसतं का?” सगळे हसले. आण्णा मात्र हसले नाहीत. दोन वर्षं लागोपाठ अवकाळीनं बाग गेलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काय दिसणार?

ती पिंपं खरी आहेत. नवं विमान प्रवाशांसाठी मंजूर होण्याआधी त्याची चाचणी उड्डाणं होतात. तेव्हा माणसांच्या वजनाऐवजी पाण्याची पिंपं ठेवतात आणि पाणी पुढून मागं, मागून पुढं फिरवून विमान तोल कसा सांभाळतं ते तपासतात. या विषयावर फिरणाऱ्या चित्रफितींचं बहुतेक असंच असतं, चित्र खरं आणि त्यावर चिकटवलेला मथळा खोटा.

आता रेघेकडे येऊ. विमानाचं इंधन रॉकेलच्याच जातीचं. ते एक किलो जळलं की साधारण सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते, कारण इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो. ही गरम वाफ आणि काजळीचे बारीक कण उणे ४० अंशांच्या खालच्या हवेत बाहेर पडले की क्षणात बर्फाचे स्फटिक होतात. त्या क्षणभरामुळेच रेघ इंजिनाला चिकटून न येता थोडं अंतर सोडून सुरू होते. हे गणित जर्मनीत अर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ मध्ये आणि अमेरिकेत हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये मांडलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना या रेघा नकोशा वाटायच्या, कारण खालून शत्रूला विमानाचा माग आयता मिळायचा. गुपचूप काही करायचं असेल तर मैलोन्‌मैल पांढरी खूण ठेवत जाणं ही तशीही फार हुशारीची रीत नव्हे.

“मग एका विमानाला रेघ असते आणि दुसऱ्याला का नसते?” हा आण्णांचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला. याचं उत्तर उंचीत आहे. युरोपात ३५ हजार फुटांवर हवा साधारण उणे ५४ अंश असते. आपण उष्ण कटिबंधात आहोत, इथं वरची हवा तुलनेनं ऊबदार. उणे ४०-४५ पर्यंत जायला आपल्याकडे साधारण ३५ हजार फूट किंवा त्याहून वर चढावं लागतं. मुंबईहून बंगळूरला जाणारं छोट्या पल्ल्याचं विमान अनेकदा त्याच्या खालूनच जातं, त्यामुळे मागं काहीच दिसत नाही. आखातातून आग्नेय आशियाकडे जाणारं लांब पल्ल्याचं विमान ३९-४० हजार फुटांवरून जातं आणि लख्ख रेघ ओढतं. विमानांचा माग दाखवणारं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. डोक्यावरून जाणारं विमान कुठलं, कुठून कुठं निघालंय, किती फुटांवर आहे, सगळं त्यात दिसतं. आठवडाभर रेघ असलेली आणि नसलेली विमानं त्यात बघून उंची टिपून ठेवावी. हे कुणाही पोराला जमण्यासारखं आहे.

उरतो टिकणाऱ्या रेघेचा प्रश्न. काही रेघा मिनिटभरात विरतात, काही तासन्‌तास राहून पसरतात आणि शेवटी पातळ ढगासारख्या दिसतात. हे त्या उंचीवरच्या ओलाव्यावर ठरतं. हवा कोरडी असेल तर स्फटिक लगेच उडून जातात. हवा बर्फाच्या हिशेबानं अतिसंपृक्त असेल, म्हणजे सामावेल त्याहून जास्त वाफ तिच्यात असेल, तर स्फटिक विरत नाहीत. उलट आजूबाजूची वाफ ओढून वाढतात. हिवाळ्यात आपल्याकडची वरची हवा सहसा कोरडी असते. पश्चिमेकडून एखादा झंझावात किंवा अरबी समुद्रावरून कमी दाबाचा पट्टा सरकत आला की बाष्प आधी वरच्या थरात पोचतं, खालचे ढग मागून येतात. विमान मधल्या काळात जातं, रेघ टिकते आणि दोन दिवसांनी आभाळ भरतं. म्हणजे रेघेमुळे ढग आले नाहीत. जे बाष्प ढग आणणार होतं, त्यानंच आधी रेघ टिकवली. शेतकऱ्याचं निरीक्षण तंतोतंत बरोबर आहे, कारण आणि परिणाम तेवढे उलटे लागलेत. उद्या कृषी विद्यापीठानं आपल्या सल्ल्यात ‘वरची रेघ टिकत असेल तर औषध तयार ठेवा’ असं लिहिलं तर मला नवल वाटणार नाही.

“आमच्या लहानपणी असल्या रेघा नव्हत्या,” असं साठीचे लोक सांगतात, तेही खरं आहे. तेव्हा विमानंच किती होती? खासगी विमान कंपन्यांना दार उघडलं १९९० च्या दशकात. २०२४ मध्ये देशांतर्गत प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या वर गेली. शिवाय नवी इंजिनं कमी इंधनात जास्त काम काढतात, त्यामुळे त्यांचा धूर जुन्या इंजिनांपेक्षा थंड असतो आणि रेघ थोड्या ऊबदार हवेतसुद्धा तयार होते.

फवारणीचा हिशेब तर सांगलीकरांना कुणी शिकवायलाच नको. वाढलेल्या बागेला एकरी ४०० लिटर पाणी लागतं, ब्लोअर वेलीच्या शेजारून जातो, तरी पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत मारावं लागतं. वारा सुटला की फवारणी थांबवतात, कारण औषध शेजाऱ्याच्या बांधावर जातं. आता हेच औषध दहा-अकरा किलोमीटर वरून सोडायचं म्हणा. ब्लोअरच्या थेंबाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब वाटेत सुकला नाही असं धरलं तरी त्याला खाली यायला दहा तासांच्या आसपास लागतील. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. तासगावसाठी सोडलेला थेंब सोलापूर, कलबुर्गी ओलांडून तेलंगणात कुठंतरी उतरेल. थेंब दहा मायक्रॉनचा केला तर तो महिनाभर हवेतच तरंगेल आणि कुठल्या देशात पडेल ते सांगता यायचं नाही. असल्या फवारणीवर कुठला शहाणा सरकारी अधिकारी पैसे घालवील? (घालवणारा एखादा निघेलही, पण त्याचं टेंडर निघाल्याशिवाय राहणार नाही.)

इथं एक गोष्ट कबूल करायलाच हवी. सरकारं गुपचूप फवारतात हा संशय हवेतून आलेला नाही. अमेरिकेनं १९६७ ते १९७२ अशी पाच वर्षं व्हिएतनाम युद्धात ‘ऑपरेशन पोपाय’ नावाची मोहीम चालवली. शत्रूच्या रसदीच्या वाटा चिखलात बुडवाव्यात म्हणून हो ची मिन्ह मार्गावरच्या ढगांत आयोडाइडची नळकांडी जाळून पावसाळा लांबवायचा हा त्यांचा डाव होता. १९५० मध्ये अमेरिकी नौदलानं सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून शहरावर जिवाणू फवारून बघितले आणि लोकांना कळूही दिलं नाही. सेंट लुईससारख्या शहरांतल्या गरीब वस्त्यांवर अमेरिकी लष्करानं झिंक कॅडमियम सल्फाईडची भुकटी सोडली. हे सगळं पुराव्यानिशी सिद्ध झालेलं आहे. कारस्थानाचा वास घेणाऱ्या माणसाचं नाक बिघडलेलं असतं, असं मी म्हणणार नाही.

पण ही प्रकरणं उघडकीला आली कशी? पोपायची बातमी १९७१ मध्ये जॅक अँडरसन या पत्रकारानं आतल्या माहितीवरून फोडली, १९७४ मध्ये अमेरिकी सेनेटपुढं कबुली आली आणि पुढं हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करण्यावर आंतरराष्ट्रीय करारानं बंदी आली. तो करार १९७८ पासून लागू आहे. आभाळातल्या रेघांचे फोटो काढून यातलं एकही प्रकरण बाहेर आलं नाही. कागद फुटले, माणसं बोलली, नमुने तपासले गेले. आपल्याकडचं उदाहरण केरळातल्या कासरगोडचं. तिथं सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान हे कीटकनाशक मारलं गेलं. हेलिकॉप्टर सगळ्यांना दिसत होतं, त्यात गुपित काहीच नव्हतं. औषधानं पोरं अधू होतायत हे मात्र कुणी मानायला तयार नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी रुग्णांची नोंद ठेवली, कृषी खात्यातलीच एक महिला अधिकारी १९९८ मध्ये कोर्टाची पायरी चढली, माती, पाणी, रक्त तपासलं गेलं आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर बंदी घातली. फवारणीचा पुरावा असा जमिनीवर सापडतो, आणि सापडला की मग कंपनीला, खात्याला, कुणालाच तो सहज झटकता येत नाही.

द्राक्षवाल्यांना तर हा धडा अंगावर घ्यावा लागलाय. २०१० मध्ये युरोपनं आपली द्राक्षं परत पाठवली ती क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागेत ज्याला सगळे लिहोसिन म्हणतात त्या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे. दशलक्षात एखाद-दुसरा भाग एवढं ते प्रमाण होतं, तरी प्रयोगशाळेच्या डोळ्यांतून सुटलं नाही. युरोपच्या निर्यातीसाठी बागेचा नमुना तपासल्याशिवाय कंटेनर हलत नाही. वरून काही पडत असतं तर ते सगळ्यात आधी आपल्याच रेसिड्यू रिपोर्टात सापडलं असतं आणि त्यावर बोंब मारायला आपले निर्यातदार पहिले उभे राहिले असते.

पावसाच्या पाण्यात ॲल्युमिनियम सापडलं, हा अमेरिकेतून आलेला मुद्दा हल्ली आपल्याकडच्या गटांतही फिरतो. सापडणारच. पृथ्वीच्या कवचात वजनानं आठ टक्क्यांच्या आसपास ॲल्युमिनियम आहे. आपण ज्या बेसॉल्टवर राहतो त्यात ॲल्युमिनियमचं ऑक्साईड सुमारे १४ टक्के. कासचं पठार ज्या जांभ्याचं आहे तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साईडांनीच भरलेला. उन्हाळ्यात एवढी धूळ उडते, ती पहिल्या पावसाच्या थेंबात नाही उतरणार तर कुठं जाणार? नुसतं ‘सापडलं’ म्हणून भागत नाही. किती सापडलं, धुळीत मुळात किती होतं आणि बाकीचे धातू त्याच प्रमाणात होते का, हे सांगितलं तर त्या रिपोर्टावर बोलता येतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वातावरण आणि धूळ-पाणी यांच्या ७७ तज्ज्ञांपुढं असे रिपोर्ट आणि फोटो ठेवले. ७६ जणांनी गुप्त फवारणीचा पुरावा आढळला नाही असं सांगितलं. उरलेल्या एकानं एका दूरच्या भागात हवेत बेरियम जास्त असल्याची नोंद केली. एवढं होऊनही टेनेसी राज्यानं २०२४ मध्ये आणि फ्लोरिडानं २०२५ मध्ये हवामान बदलण्यासाठी आकाशात रसायनं सोडण्यावर बंदीचे कायदे केले. त्या कायद्यांमागं हीच रेघांची भीती बरीच होती.

आपल्याकडेही अशा गोष्टी नव्या नाहीत. पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि पुढच्याच दुष्काळात माण, खटाव, जतपर्यंत बोललं जाऊ लागलं, की ही पाती ढग कापतात. पात्याचं टोक जमिनीपासून शंभरेक मीटर, पावसाळी ढगांची सगळी उंची कित्येक किलोमीटर. पण हा हिशेब कोण करतो? म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ब्रिटिशांनी दुष्काळी कामातूनच बांधला, तेव्हा एकही पवनचक्की नव्हती. महाबळेश्वराला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हिशेब आहे. त्या बोलण्यातून दुष्काळग्रस्तांच्या हाती काहीच लागलं नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचा प्रश्न विचारायची तेवढी वर्षं मात्र वाया गेली.

याच सांगलीला संशय नीट मांडताही येतो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं बघा. त्याच्या फुगवट्यानं सांगलीत पूर येतो, हा तो संशय. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फुटांची. तेव्हापासून इथले कार्यकर्ते अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवर कधी गेली, कोयनेतून किती क्युसेक सुटलं, हिप्परग्याच्या बंधाऱ्याची दारं कधी उघडली, अशी तासातासाची टिपणं घेऊन अधिकाऱ्यांना घेरतात. सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचा मुख्य दोष अलमट्टीवर टाकला नाही. ते कित्येकांना मान्य नाही, आणि अलमट्टीची उंची ५२४.२५६ मीटर करायला विरोध अजून चालूच आहे. कुणाचं बरोबर हा वेगळा विषय. पण त्या भांडणात दोन्ही बाजूंना खोडून काढता येईल असं काहीतरी हातात असतं. ‘वरनं काहीतरी मारत्यात’ यात तसं काहीच नसतं. रेघ दिसली तर मारलं, नाही दिसली तर गुपचूप मारलं.

आणि खरी, उघड फवारणी तर आपल्या शेजारी होऊन गेली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात ढगांत बीजारोपणाचे, म्हणजे पाऊस वाढवायला रसायनाचे कण पेरण्याचे प्रयोग केले. काही ढगांत कॅल्शियम क्लोराईडची नळकांडी जाळली, काही ढग मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना केली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. १०० चौरस किलोमीटरच्या भागात पावसात सुमारे १८ टक्के वाढ दिसली. असं विमान आधीच तयार असलेल्या ढगाच्या तळाशी, खूप खालून उडतं. निळ्या आभाळात सोडायला त्याच्याकडे काहीच नसतं, कारण ढग नसेल तर बीज पेरायचं कशात? राज्य सरकारनंही २००३, २०१५ आणि २०१९ मध्ये कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, त्यांचे फोटो पेपरात छापून आले होते. तरी आपण सगळे चाळीस हजार फुटांवरच्या परदेशी विमानाकडे बोट दाखवत बसलो. या उघड प्रयोगांबद्दल तासगावच्या बाजारात मी एकही प्रश्न ऐकलेला नाही.

प्रश्न तर भरपूर आहेत. ऑक्टोबरात जतच्या कोरडवाहू ज्वारीला जो पाऊस हवा असतो, तोच त्याच जिल्ह्यातल्या फुलोऱ्यातल्या बागेला नको असतो. उद्या दुष्काळी तालुक्यासाठी म्हणून विमान उडवलं आणि पाऊस पूर्वेला पडायच्या ऐवजी बागांवर पडला, तर पंचनामा कोण करणार? नैसर्गिक आपत्ती म्हणून करणार की सरकारी कामानं झालेलं नुकसान म्हणून? विमा कंपनी काय म्हणेल ते सांगायलाच नको. उड्डाणाच्या आधी तारीख, तालुका, रसायनाचं नाव आणि नळकांड्यांची संख्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. पावसाच्या पाण्याचे नमुने आधी आणि नंतर घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयानं जाहीर केले पाहिजेत. पुढच्या प्रयोगाची निविदा निघण्याच्या आत द्राक्ष बागायतदारांनी आणि जतच्या ज्वारीवाल्यांनी एका टेबलावर बसून ही मागणी लेखी द्यावी. पाऊस कुणाला किती हवा यावर ते त्याच बैठकीत आपसात भांडतील, हे धरूनच चालायचं.